पाठ कोणाची, मॅच कोणाची?

खंडेनवमीला आमच्या देव्हाऱ्याखाली पाटावर दोघांची अवजारं मांडलेली असतात. एक माझ्या थोरल्या भावाची बॅट. हँडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, कडेला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, मधोमध सिझन बॉलचे तांबडे डाग. शेजारी माझ्या मुलीचं सामान असतं: सांध्याचा कोन मोजायची पट्टी, टेपची दोन रिळं, व्यायामाचे रबरी पट्टे. दादानं बँकेत नोकरी करता करता वीस-बावीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलं आणि पुढे मैदानावर पोरांना शिकवलं. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी क्रिकेट खेळणारेच असतात. दादा ज्या पोरांना मैदानावर उभं करतो, त्यातलीच काही तिच्या टेबलावर आडवी होतात. त्यामुळे आमच्याकडे क्रिकेटवरचा वाद कधी हवेतला नसतो.

२०२५ ची खंडेनवमी १ ऑक्टोबरला आली. त्याच सकाळी नागपूरला जामठ्याच्या मैदानावर विदर्भ विरुद्ध शेष भारत ही इराणी करंडकाची लढत सुरू झाली. मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर शेष भारताच्या संघात नव्हता. आठवडाभर आधीच त्यानं क्रिकेट बोर्डाला कळवलं होतं की पाठीमुळे पुढचे सहा महिने आपण लाल चेंडूचं क्रिकेट खेळणार नाही. दादानं पूजेची फुलं वाहिली, हात पुसले, पेपर उघडला आणि दीड वर्षापूर्वी अर्धवट राहिलेला वाद तिथूनच पुढे सुरू झाला. मी स्वयंपाकघरात होते, पण कान बाहेर होता. त्या दुपारचं बोलणं आठवेल तसं इथे उतरवते आहे. खेळाडूनं स्वतःच्या पुढच्या वाटचालीसाठी आजचा सामना सोडावा का, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला माझ्याच घरात इतक्या नीट ऐकायला मिळाल्या.

मामा : सहा महिने! अगं, मुंबईच्या टोपीसाठी पोरं आयुष्य काढतात. तुला २०२४ चा फेब्रुवारी आठवतो? बीकेसीवर बडोद्याविरुद्ध रणजीची उपांत्यपूर्व फेरी. पाठ दुखते म्हणून श्रेयस आला नाही. मुशीरनं पहिल्या डावात द्विशतक ठोकलं. दुसऱ्या डावात नऊ गडी बाद झाले, दहाव्या आणि अकराव्या नंबरची पोरं खेळपट्टीवर उरली, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे. दोघांनी शतकं मारली! शेवटच्या जोडीनं २३२ धावा जोडल्या. प्रथमश्रेणी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात याआधी हे एकदाच झालं होतं, १९४६ मध्ये ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी केलं होतं. २७ फेब्रुवारीला हे झालं आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डानं वार्षिक करारांची यादी काढली. तीत श्रेयस नव्हता, ईशान किशनही नव्हता. त्या दिवशी मला वाटलं, देवानं हिशेब मांडून दाखवला. जो आला त्यानं इतिहास घडवला, जो आला नाही त्याचा करार गेला.

भाची : हिशेब मांडायचा तर पूर्ण मांड, मामा. श्रेयसच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. अख्खी आयपीएल बुडाली. परत आला, वर्ल्ड कप खेळला. मग पाठ पुन्हा आखडली. पेपरात आलं की राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या तज्ज्ञांच्या मते नवी दुखापत काही नाही, आणि तो म्हणत होता पाठ दुखते. लोकांनी लगेच ठरवलं, म्हणजे खोटं बोलतोय. माझ्याकडे रोज एक तरी असा पेशंट येतो ज्याचा रिपोर्ट स्वच्छ असतो आणि ज्याला खुर्चीतून उठताना घाम फुटतो. एमआरआयमध्ये दुखणं दिसत नाही. आणि पुढे काय झालं? तो उपांत्य सामना खेळला. मग वानखेडेवर अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दुसऱ्या डावात ९५ केल्या, आणि पाठ पुन्हा धरली. चौथ्या दिवशी मैदानात कोण नव्हतं?

मामा : ९५ ची खेळी मी स्टँडात बसून पाहिली. म्हणूनच म्हणतो, खेळू शकत होता!

भाची : नाही रे. त्या खेळीची किंमत मोजू शकत होता, इतकंच. एक डाव खेळता येणं आणि पाच दिवस उभं राहता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा : बरं, पाठ बाजूला ठेव. ईशानचं काय? डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेहून परत आला. मन थकलंय म्हणाला, मान्य. राहुल द्रविडनं जाहीर सांगितलं की परत यायचं तर कुठेतरी क्रिकेट खेळायला सुरुवात कर. तिकडे झारखंड एकेक रणजी सामना खेळत होतं आणि हा बडोद्यात सराव करत होता. फेब्रुवारी संपताना मैदानात उतरला तो डी. वाय. पाटील टी-ट्वेंटीत. तिथे मन थकत नाही?

भाची : चार दिवस आणि तीन तास यांत फरक आहे, हे तुला मी सांगायला नको. पण तुझा मुद्दा मी झटकत नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला असता तर मी गप्प बसले असते. त्याच यादीत हार्दिक पंड्या 'अ' श्रेणीत होता. २०१८ च्या डिसेंबरनंतर तो रणजी खेळलेला नव्हता. एकाला पाठ सांभाळ म्हणायचं, दुसऱ्याचा करार काढायचा, मग खाली पोरं काय शिकणार? ती शिकतात की आपलं दुखणं मोठं की लहान, हे आपण कोण आहोत यावर ठरतं.

इथे दादा गप्प झाला. हार्दिकचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि उगाच बोलायची त्याला सवय नाही. मी चहा बाहेर आणला. कपबशी हातात घेताना त्याच्या उजव्या हाताची अनामिका नेहमीसारखी बाहेर राहिली. ते बोट वाकत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

मामा : आता पैशावर ये. खरं कारण तिथेच आहे ना?

भाची : आहे, आणि त्यात लाज कसली? श्रेयस 'ब' श्रेणीत होता तेव्हा बोर्डाचे वर्षाचे ३ कोटी. कोलकात्यानं त्याला घेतला होता १२ कोटी २५ लाखांना. ईशान 'क' श्रेणीत, १ कोटी. मुंबई इंडियन्सनं मोजलेले १५ कोटी २५ लाख. रणजी खेळणाऱ्याला दिवसाला ४० ते ६० हजार, किती सामने खेळलाय त्यावर. चार दिवसांची मॅच म्हणजे फार तर २ लाख ४० हजार. आता सांग, मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोणी स्लिपमध्ये आडवी उडी मारली, खांदा निखळला, तर त्याचं काय जातं? दोन-अडीच लाख नव्हे, सगळं जातं. क्रिकेटपटूची कमाईची वर्षं आठ-दहा. तू बँकेत होतास मामा, तुझं बोट मोडलं तरी पगार पहिल्या तारखेला झाला.

मामा : म्हणजे ज्यांचा करार नाही त्यांनी खेळायचं, ज्यांचा आहे त्यांनी बसायचं? मग रणजी ही रांगेत उभं राहायची जागा झाली. १९३४-३५ पासून चाललेली स्पर्धा आहे ही. मुंबईनं ४२ वेळा जिंकली, ती काय फक्त आपापलं भलं बघणाऱ्यांच्या जोरावर? पद्माकर शिवलकर बघ. ५८९ प्रथमश्रेणी बळी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही. अमोल मुझुमदार बघ. शाळेच्या सामन्यात सचिन-विनोदनी ६६४ ची भागी केली तेव्हा पॅड बांधून हाच बसला होता. पुढे ११,१६७ धावा केल्या, भारताची टोपी नाही. तरी दर मोसमात पहिल्या दिवशी हजर.

भाची : मामा, हीच दोन नावं मी घेणार होते. माझ्या बाजूनं.

मामा : तुझ्या बाजूनं?

भाची : हो. तुम्ही लोक आजच्या पोरांना सांगता, निष्ठा ठेवा, खेळत राहा, खेळ तुमच्याकडे बघेल. शिवलकरांकडे बघितलं? मुझुमदारांकडे बघितलं? त्यांनी सगळं दिलं आणि दार उघडलं नाही. आम्ही त्यांचं कौतुक करतो, भाषणांत नावं घेतो. पण आजच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ही दोन आयुष्यं बघून ठरवलं की माझ्या शरीराची काळजी मीच घेईन, कारण दुसरं कोणी घेणार नाही, तर तो स्वार्थी कसा? तो फक्त इतिहास नीट वाचतोय.

मामा : (बऱ्याच वेळानं) तू शिवलकरांना बघितलेलं नाहीस. मी बघितलंय. शिवाजी पार्कावर संध्याकाळी, वय झाल्यावर, कोणी बघत नसताना. तीन पावलं चालत यायचे आणि चेंडू असा सोडायचे की हातातून पक्षी उडाल्यासारखं वाटायचं. टोपी मिळाली नाही हे दुःख त्यांना होतं, ते लपवायचं कारण नाही. पण खेळ हा त्यांच्यासाठी टोपीपर्यंत जायची शिडी नव्हता. तुमच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात घालणार? आणि आता तुला दुसरं सांगतो. २०२५ चा जानेवारी. बोर्डानं दम दिल्यावर मोठे खेळाडू रणजीला आले. बीकेसीवर जम्मू-काश्मीर. रोहित सलामीला. पुलवाम्याचा उंच पोरगा उमर नझीर मीर, त्यानं रोहितला ३ धावांवर काढलं. रहाणेला काढलं, शिवम दुबेला काढलं. जम्मू-काश्मीरनं मुंबईला मुंबईत हरवलं. त्या पोरानं दहा-बारा वर्षं कुठे कुठे टाकलं असेल, कोणी नाव विचारलं नसेल. रोहित त्या दिवशी घरी बसला असता तर उमरला आपलं माप कधी कळलं असतं? मोठा खेळाडू खाली येऊन खेळतो तेव्हा तो उपकार करत नसतो गं. तो गजकाठी होतो. बाकीच्यांना स्वतःची उंची त्याच्यावर मोजता येते.

भाची : हे खरं आहे. हे मी मान्य करते, आणि याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूला काय झालं तेही बघ. विरारचा आयुष म्हात्रे, सतरा वर्षांचा. त्या मोसमात महाराष्ट्राविरुद्ध १७६, सेनादलाविरुद्ध ११६. दोन शतकं मारलेला पोरगा बाहेर बसला, कारण रोहित आणि यशस्वी यांना जागा हवी होती. त्यांना त्या सामन्यात मन होतं की फक्त हजेरी लावायची होती, मला ठाऊक नाही. पण सक्तीनं आणलेला माणूस जागा अडवतो, ती जागा कोणाची तरी असते. तू ज्याला दांडी म्हणतोस, तिच्यामुळेच एखाद्या आयुषला टोपी मिळते.

पुरणासाठी डाळ शिजत होती. मी कुकर उतरवला आणि येऊन मध्येच बसले. माझा एक मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडून ऐकलेलं सांगितलं. तिथे विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये हा वाद केव्हाच पेटला होता. २०१६ च्या १ जानेवारीला नोत्र दामचा जेलन स्मिथ मोसमाचा शेवटचा सामना खेळताना गुडघ्यानं पडला. व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिल्या पाचांत जाईल असं सगळे म्हणत होते. गेला चौतिसावा, आणि पहिला अख्खा मोसम त्याला खेळता आलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात क्रिस्चियन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फॉर्नेट या दोघांनी तसले शेवटचे सामने खेळायला नकार दिला. पुष्कळ लोक त्यांच्यावर तुटून पडले, पण पुढच्या निवडीत फॉर्नेट चौथा गेला आणि मॅकॅफ्री आठवा. नंतर तिथे हा पायंडाच पडला.

भाची : आणि त्या पोरांना तेव्हा पगार घ्यायचीही परवानगी नव्हती. विद्यापीठं तिकिटं विकणार, टीव्हीचे हक्क विकणार, आणि गुडघा मात्र पोराचा. जोखीम ज्याची, निर्णय त्याचा. मला यात काही गैर दिसत नाही.

मामा : मला दिसतं. शेवटचा सामना शेवटचा असतो. चार वर्षं ज्यांच्या बरोबर एका बसमधून गेलास, एका खोलीत झोपलास, त्यांतल्या बहुतेकांना पुढे व्यावसायिक खेळ नाहीच. त्यांचं क्रिकेट म्हण, फुटबॉल म्हण, त्या दिवशी संपतं. वानखेडेवर त्या अंतिम सामन्यात शेवटची विकेट बाकी होती, तेव्हा रहाणेनं चेंडू कोणाच्या हातात दिला? धवल कुलकर्णीच्या. तो त्याचा शेवटचा सामना होता. त्यानं उमेश यादवला बोल्ड केलं आणि सामना संपला. रहाणेला हे सुचलं, कारण तो तिथे होता. सगळी वर्षं तिथे होता. घरी बसून हे सुचत नाही.

भाची : मामा, मी असं म्हणतच नाही की प्रत्येकानं बसावं. मी काय बघते ते सांगते. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा वजनाच्या कित्येक पट भार कमरेवर येतो. उजव्या हातानं टाकणाऱ्याचं हाड बहुतेक वेळा डाव्या बाजूला चिरतं. विशी ओलांडेपर्यंत तर ते हाड पुरतं पक्कंही झालेलं नसतं. बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तो २०२५ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा निवड समितीच्या आगरकरनी दौऱ्याआधीच सांगून टाकलं की तो पाचही कसोट्या खेळणार नाही. तीन खेळला. बाकीच्या दोन भारतानं त्याच्याशिवाय जिंकल्या. संघ मेला नाही.

मामा : संघ मेला नाही, कारण सिराज होता! पाचही कसोट्या, १८५ षटकं आणि तीन चेंडू. ओव्हलवर पाचव्या दिवशी सकाळी, सहा धावा हातात असताना, ॲटकिन्सनचा दांडा उडवला. पलीकडे वोक्स उभा होता, खांदा निखळलेला, एक हात स्वेटरच्या आत बांधलेला. पंत आधी मँचेस्टरला मोडक्या पायानं फलंदाजीला आला होता. गावसकर काय उगाच म्हणाले की हा 'वर्कलोड' शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जाऊ दे?

भाची : गावसकरांच्या भावनेला माझा नमस्कार. पण सिराजचं शरीर सिराजचं आणि बुमराहचं बुमराहचं. एकाच्या धैर्यावरून दुसऱ्याच्या हाडाचा निकाल लावता येत नाही. मात्र तुझ्या बाजूची एक गोष्ट मीच सांगते, कारण ती खरी आहे. दीड-दोन महिने काहीच टाकायचं नाही आणि मग एकदम आयपीएलच्या नेट्समध्ये रोज जोरात टाकायला लागायचं, हे पाठीला सगळ्यांत वाईट. भार एकदम वाढला की दुखापत होते. म्हणजे घरी बसून पाठ राखली, असं जे पोरांना वाटतं, ते अर्धंच खरं आहे. बसणं म्हणजे उपचार नव्हे. हळूहळू, मोजून टाकत राहणं हा उपचार.

मामा : बघ! आणि वेळापत्रकाचं मीही सांगतो, तुझ्या बाजूचं. त्या २०२४ च्या मोसमात दोन रणजी सामन्यांत तीन-तीन दिवसांचं अंतर होतं. त्यातला एक दिवस प्रवासात. उपांत्य सामना झाल्यावर शार्दूल ठाकूर स्वतः बोलला की असंच चाललं तर पोरं मोडतील. त्यानं त्याच सामन्यात शतक मारलं होतं, म्हणून त्याला कोणी आळशी म्हणू शकलं नाही. पुढच्या वर्षी रणजी दोन टप्प्यांत घेतली, मध्ये पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा. खेळून बोललं की ऐकतात.

भाची : किंवा बोलण्यासाठी आधी शतक मारावं लागतं. ज्याला शतक मारता आलं नाही त्याची पाठ दुखत नाही का?

दादानं कप खाली ठेवला. मग स्वतःहूनच ती गोष्ट काढली, जी त्यानं याआधी माझ्यासमोर कधी सांगितली नव्हती.

मामा : माझ्या क्लबात एक पोरगा होता. हात असे की वरच्या क्रिकेटमध्ये गेला असता. लीगच्या बाद फेरीची मॅच. सकाळी साडेसहाला फोन, सर, ताप आलाय. मी म्हटलं, झोप. अकरा गडी जमवता जमवता नाकी नऊ आले. शेवटी पंधरा वर्षांच्या पोराला उभं केलं, त्याला मापाचे पॅडसुद्धा नव्हते. आम्ही हरलो. रात्री कोणीतरी मोबाइल दाखवला. टेनिस बॉलची स्पर्धा, दिव्यांच्या उजेडात, थेट प्रक्षेपण. हा तिथे सिक्सर मारतोय. मालिकावीराला बाइक होती. मला राग पैशाचा नाही आला, देवाशप्पथ. त्याचे वडील रिक्षा चालवायचे, बाइक घरात आली असती तर मला आनंदच होता. राग आला तो त्या लहान पोराकडे बघून. याला मी तयारीशिवाय उभं केलं, कारण त्यानं मला खरं सांगितलं नाही. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरा गडी बोलावला असता.

भाची : मामा, एक विचारू? त्यानं खरं सांगितलं असतं, सर, उद्या मला पैशाची मॅच आहे, तर तू त्याला पुढच्या मॅचला घेतलं असतंस?

खूप वेळ कोणी बोललं नाही. खाली रस्त्यावर झेंडू विकणारा ओरडत होता.

मामा : नसतं घेतलं.

भाची : म्हणून तो खोटं बोलला.

मामा : म्हणून तो खोटं बोलला.

भाची : आता माझ्याकडचं ऐक. पालघरच्या बाजूनं पहाटेची गाडी पकडून एक पोरगा यायचा, अठराचा, वेगवान टाकतो. मागे वाकवलं की कमरेच्या डाव्या बाजूला कळ. मी म्हटलं, थांब, स्कॅन करू. तो म्हणाला, ताई, आठ दिवसांवर निवड चाचणी आहे, सरांना सांगू नका. गोळ्या घेऊन टाकलं त्यानं. हाड चिरलं. अख्खा मोसम गेला. त्याला कोणी शूर म्हटलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. तुझा पोरगा न खेळण्यासाठी खोटं बोलला, माझा खेळण्यासाठी. दोघांना एकच भीती होती, खरं सांगितलं तर जागा जाईल.

मामा : आणि मी? हे बघ. (बोट पुढे करतो.) कांगा लीग, ऑगस्ट महिना, ओली खेळपट्टी. स्लिपला झेल घेताना चेंडू बोटावर बसला. दोन बोटं एकत्र बांधली, बॅटिंग केली, पुढच्या रविवारीही खेळलो. कोणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी हे पोरांना अभिमानानं दाखवत आलो.

भाची : पंधरा दिवस स्प्लिंट लावलं असतं तर आज शर्टाचं बटण लावताना त्रास झाला नसता.

मामा : आता कळतंय. पण एक सांगतो, पुन्हा तो रविवार आला तर मी पुन्हा उतरेन.

भाची : उतर. तुझं बोट आहे. फक्त दुसऱ्या पोरांना ते बोट दाखवून लाजवू नकोस.

मामा : कबूल. पण तूही तुझ्या पोरांना एक सांग. बसायचं तर बसा, पण आदल्या दिवशी सांगा, तोंडानं सांगा. आणि बसलात तरी पहिल्या दिवशी मैदानावर या. पाणी घेऊन जा आत. शरीर तुमचं असेल, मॅच अकरा जणांची आहे.

त्यानंतर ती पानं वाढायला उठली आणि दादानं पेपर पुन्हा उचलला. श्रेयसची बातमी त्यानं या वेळी शेवटपर्यंत वाचली. बोर्डानं स्वतःच्या पत्रकात लिहिलं होतं की लांबच्या सामन्यांत त्याची पाठ पुन्हा आखडते आहे, तो हा काळ ताकद आणि तग वाढवण्यासाठी वापरणार आहे, म्हणून इराणी करंडकासाठी त्याचा विचार केलेला नाही. खेळाडू तोच, पाठही तीच. २०२४ मध्ये त्याचा करार गेला होता. मध्यंतरी त्यानं कोलकात्याला आयपीएल जिंकून दिली, चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताकडून सर्वांत जास्त २४३ धावा केल्या आणि करार परत मिळवला. २०२५ मध्ये त्यानं तेच दुखणं लेखी सांगितलं आणि बोर्डानं ते छापलं. दादा म्हणाला, "हे बरं झालं. आता त्याच्या जागी ज्याला घ्यायचं त्याला घेता येतं." माझ्या मुलीनं आतून उत्तर दिलं, "पण हे बोलायला त्याला आधी २४३ धावा कराव्या लागल्या, मामा."

मला वाटतं, प्रश्न तिथेच आहे, आणि माझं मत मी आता स्पष्ट सांगते. सामना सोडणं हा गुन्हा नाही. आपल्या शरीरावर ज्याचं पोट आहे, त्याला ते राखण्याचा हक्क आहे, मग कारण पाठीचं असो, मनाचं असो किंवा पुढच्या कराराचं. पण ज्या अकरांत आपलं नाव आहे त्यांना खरं कारण वेळेवर कळणं, हाही तितकाच पक्का हक्क आहे. संघ एखाद्या गैरहजेरीनं मोडत नाही. श्रेयसशिवायही मुंबईच्या दहाव्या-अकराव्या गड्यांनी शतकं मारली आणि मुंबईनं त्या वर्षी ४२ वी रणजी जिंकली. संघ मोडतो तो सकाळी साडेसहाच्या खोट्या फोननं. आणि त्या फोनचा अर्धा दोष फोन उचलणाऱ्याचा असतो. खरं बोलणाऱ्याची जागा काढून घेतली की आपण खोटं बोलायला शिकवतो, मग तो गल्लीतला क्लब असो की देशाचं बोर्ड. करार काढून घेण्याच्या धाकानं मैदान भरेल, पण खरी पाठ कोणाची आणि बहाणा कोणाचा, हे त्या धाकात कधीच कळणार नाही. ते कळायला हवं असेल तर पालघरच्या पोराला, शतक न मारताही, "सर, दुखतंय" म्हणता आलं पाहिजे, आणि पुढच्या मोसमात त्याला पुन्हा बोलावणं गेलं पाहिजे.

जेवण झाल्यावर मी पाटाकडे गेले. बॅटीवर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं, टेपच्या रिळावर झेंडूची पाकळी. खंडेनवमीला अवजार स्वच्छ पुसतात आणि त्या दिवशी त्याला काम सांगत नाहीत. कोणी त्याला कामचुकार म्हणत नाही, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाटावर ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हातात येणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दसऱ्याच्या सकाळी दादा ती बॅट काखेत मारून मैदानावर गेला. निघताना भाचीला म्हणाला, "त्या पालघरच्या पोराला सांग, मी थांबलोय. सावकाश ये म्हणावं."